वरच्या खोलीतला ट्रे

गोडादऱ्यातले माग धनतेरसच्या दुपारी बंद होतात, आणि त्यानंतर पहिले दोन दिवस आमच्या गल्लीत कुणाला नीट ऐकू येत नाही. वर्षभर त्या खटाखटीत बोलायची सवय झालेली असते. माणसं शेजारी बसून ओरडतात, मग स्वतःच दचकतात. उडिया कामगार आपल्या गावाला निघून जातात, खानदेशातली कुटुंबं पोरंबाळं घेऊन भुसावळकडच्या गाडीत बसतात, गल्लीच्या तोंडाशी एखादं कुत्रं आडवं पडलेलं असतं आणि त्याच्या श्वासाचासुद्धा आवाज येतो. लहानपणी मला या शांततेची भीती वाटायची. कान उशीत दाबून धरला की आतून माग चालू झाल्यासारखं वाटे. माझी मोठी बहीण मालूताई म्हणायची, "ते तुझंच रक्त आहे गं. चालू आहे ते बरंय."

यंदा त्या बंद आठवड्यात मी पुन्हा माहेरी, गोडादऱ्याला गेले. शांताबेनचा फोन आला होता. शांताबेन म्हणजे आमच्या समोरची किराणावाली, मायची इतक्या वर्षांची शेजारीण. आधी गुजराती, मग हिंदी, मग तिची ती मराठी, असं करत तिनं सांगितलं, "बेन, तुझी मा एकटी राहते ने, बरोबर नाही. रोज बपोरे, दुपारी, मला बोलावते आणि विचारते, शांता, उपर कोण छे? मी काय सांगू?"

वर कुणी नव्हतं. वरची खोली कित्येक वर्षं बंद होती.

माझं सासर उधन्याला, दादा इच्छापोरला. दादा म्हणजे भास्कर, आमच्या तिघांतला थोरला. हजीऱ्याकडच्या एका कारखान्यात कंत्राटी कामावर जातो आणि इच्छापोरला बायकोमुलांबरोबर राहतो. बाबा गेल्यापासून तो मायला तिकडे बोलावत होता. डॉक्टरांनीही सांगितलं होतं की या वयात, या गुडघ्यांनी एकटीनं राहू नका. माय ऐकत नव्हती. गेल्या दोन महिन्यांत तर तिनं कारणच नवं काढलं होतं.

आम्ही दोघं पोचलो तेव्हा ती उंबऱ्याशी बसून वाटाणे सोलत होती. तिनं आधी दादाकडं बघितलं, मग माझ्या मागे, रस्त्याकडं. माझ्या मागे बघायची तिची सवय जुनी आहे. मी कुठूनही आले तरी माझ्यामागून आणखी कुणी येतंय का, हे ती बघून घेते. मग म्हणते, "ये धाकली."

"माय, शांताबेन काय म्हणते?" दादानं विचारलं.

माय शेंगा सोलत राहिली. मग जिन्याकडं मान करून म्हणाली, "वर कोनी तरी शे."

"कोण असणार?"

"येस आनि जास. दुपारले येस. घर्र करस, टक करस. मग उगी राहस."

तिच्या आवाजात भीती नव्हती. पाहुण्याबद्दल सांगावं तसं ती सांगत होती. दादानं माझ्याकडं पाहिलं आणि मला कळलं की त्याच्या डोक्यात काय चाललंय. डोक्याच्या डॉक्टरकडं न्यायला लागणार. माझ्याही डोक्यात तेच होतं.

ती वरची खोली एके काळी दादाचा स्टुडिओ होती. स्टुडिओ म्हणजे काय, पत्र्याखालची दहा पावलांची खोली. तिथं तो लग्नाच्या व्हिडिओचं मिक्सिंग करायचा. लिंबायतपासून पर्वत गावापर्यंत खानदेशी लोकांची जेवढी लग्नं लागत, त्यातली कितीतरी आमच्या डोक्यावरच्या त्या खोलीत पुन्हा एकदा लागत. नवरीचा चेहरा चंद्रात बसवायचा, नवरदेव गुलाबाच्या पाकळ्यांतून बाहेर काढायचा, वरात बर्फाच्या डोंगरावरून न्यायची. हळदीच्या दिवशी रडणाऱ्या आत्यांवर बासरी टाकायची. खाली चुलीवर कळण्याची भाकर थापली जात असे आणि वर कुणातरी अनोळखी माणसाच्या लग्नातला बँड तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा वाजवत असे.

मालूताई त्याची मदतनीस. बारावी झाली होती, पुढचं काही ठरत नव्हतं. ती डिस्क भरायची. कॉम्प्युटरला दोन ड्राइव्ह होते, एकावर एक. वरचा वाचायचा, खालचा लिहायचा. वरच्यात एक डिस्क घालायची, खालच्यात कोरी, मग तासभर दोन्ही घरघरत बसत. डिस्क निघाली की ती काळ्या मार्करनं तिच्यावर नवरानवरीचं नाव लिहायची. तिच्या बोटांना कायम त्या मार्करचा वास, स्पिरिटसारखा, नाकात चढणारा. जेवतानाही येई. आणि तोंडाला वरियाळीचा, म्हणजे बडिशेपेचा. ट्रे उघडायचं बटण ती पायाच्या अंगठ्यानं दाबत असे, कारण हातात डिस्का असत. ट्रे बाहेर आला की म्हणायची, "आला बघ मागायला."

मी तिच्याजवळ खाली बसायचे. इंग्रजी अक्षरं नुकतीच लावता येऊ लागली होती. पडद्यावर पहिल्यांदा मी 'माय कॉम्प्युटर' वाचलं तेव्हा मला वाटलं, ही आमची माय. मालूताई इतकी हसली की खुर्चीवरून घसरली. पण नंतर तीही तसंच म्हणू लागली. "माय उघड," ती सांगायची, "मायमध्ये बघ, सगळं तिथंच असतं." मी दोनदा टिचकी मारायचे आणि मायमध्ये दोन्ही ड्राइव्ह शेजारी शेजारी दिसायचे, जेवायला बसल्यासारखे.

मग मालूताई गेली. कशानं, ते मी इथं लिहीत नाही, आमच्या घरात ते कुणी बोलत नाही. पावसाळा संपता संपता तिला तापीकाठी नेलं, आणि त्या वर्षीच्या दिवाळीत माग थांबले तेव्हा मी कान उशीत दाबला नाही. दादानं थोडे दिवस काम रेटलं. मग लोकांच्या हातात फोन आले, डिस्का कुणी मागेनासं झालं, तो हजीऱ्याच्या कामाला लागला. कॉम्प्युटरवर टाकायला मायनं एक लाल साडी काढून दिली. कुणाची ते मी विचारलं नाही.

वाटाण्याची पाटी आत ठेवून माय उठली, म्हणाली, "पानी चढाडनं शे." जिन्याखालच्या भिंतीवर एक मोठा स्विच होता. तिनं दोन्ही हातांनी तो वर केला. मागच्या बाजूला पाण्याची मोटर हुंकारली आणि टाकीत पाणी पडू लागलं.

आणि मग वरून आवाज आला.

आधी एक बारीक पंखा फिरल्यासारखा. मग थोडं थांबून घर्र, आणि टक.

मायनं बोट वर केलं. "उनी," ती म्हणाली. आली.

भर दुपार होती. गल्लीत ऊन पांढरं फटफटीत पडलं होतं, शांताबेनच्या दुकानातल्या काचेच्या बरण्या इथून मोजता आल्या असत्या. तरी दादा जिना चढू लागला तसा मी त्याचा शर्ट मागून धरला. लहानपणी धरायचे तसाच.

कडी गंजली होती. दार ढकललं तेव्हा आधी वास आला, धुळीचा, तापलेल्या पत्र्याचा, आणि त्याच्यामागे अगदी हलका स्पिरिटचा. तो खरंच होता की मी बरोबर नेला होता, सांगता येत नाही. लाल साडीखाली हिरवा दिवा पेटलेला होता. साडीला एका ठिकाणी आतून टोक आलं होतं, कुणीतरी आतून हात पुढं केल्यासारखं. दादानं साडी ओढली. वरच्या ड्राइव्हचा ट्रे बाहेर आलेला होता. रिकामा.

मग दादाला भिंतीवरचा विजेचा बोर्ड दिसला आणि तो मोठ्यानं श्वास सोडून खाली बसला.

"अगं, ही वायर," तो म्हणाला. "गणपतीनंतर मोटरची लाइन जळली होती ना? वायरमननं मोटर या वरच्या लाइनीवर टाकून दिली. आणि ह्याचा स्विच मी कधी बंदच केला नव्हता. आतला सेल मेला असेल, त्यामुळे करंट आला की मशीन आपोआप उठतं. ट्रेचा पट्टा ढिला झालाय, म्हणून तो बाहेर पडतो. बस, एवढंच आहे."

एवढंच होतं. मी हसले सुद्धा. आम्ही खाली आलो आणि दादानं मायला समोर बसवून सगळं समजावलं. ती लक्ष देऊन ऐकत होती.

"म्हणजे माय, वर कोणी येत नाही. तू मोटर लावतेस ना, तेव्हा तूच ते मशीन चालू करतेस. कळलं?"

"कळनं," माय म्हणाली. "मी बलावस, ती येस. मी तेच सांगी राह्यनू."



दादानं ठरवलं की तिला ते मशीन उघडून, चालवून दाखवायचं. तिला यंत्र यंत्रासारखं दिसलं की मनातलं जाईल. तो पुन्हा वर गेला, मी पदर खोचून मागोमाग. टीव्हीसारखा तो जुना मॉनिटर बराच वेळ काळा राहिला, मग मधून उजाडला. पडद्यावर तारीख आली ती कुठल्यातरी फार जुन्या वर्षाची. "सेल मेला की ते तिथंच जातं," दादा म्हणाला. "कितीही वेळा उठव, ह्याला वाटतं तोच दिवस आहे." माउसचा बाण थरथरत सरकला. मी सवयीनं म्हणाले, "माय उघड."

मायमध्ये ड्राइव्ह नव्हते.

दोन्ही नव्हते. तिथं नुसती रिकामी पांढरी जागा होती. वरचा ड्राइव्ह ट्रे बाहेर काढून आमच्या समोर होता, आणि मशीन म्हणत होतं असं काही नाहीच. मशीन पुन्हा सुरू करून दादानं सुरुवातीचा निळा पडदा उघडला, ज्यात जोडलेल्या सगळ्या वस्तूंची नावं येतात. तिथंही नाही. मग मी खाली वाकले आणि मला दिसलं की खालच्या ड्राइव्हचा बारीक नारिंगी दिवा लुकलुकतोय. कान लावला. आत काहीतरी फिरत होतं. थांबत होतं, आणि परत फिरत होतं.

"दादा, ह्यात डिस्क आहे."

"नाही गं. मी सगळ्या काढल्या होत्या."

"ऐक."

त्यानं कान लावला. माझ्या इतक्या जवळ त्याचा चेहरा होता की त्याच्या कानशिलावरची शीर उडताना मला दिसत होती.

त्यानं पाठीचे स्क्रू काढले. पत्रा बाजूला झाला तर आत राखाडी गोधडी. गल्लीतल्या मागांची उडणारी लव, इतक्या वर्षांची, प्रत्येक तारेवर, प्रत्येक कोपऱ्यात साचून मऊ झाली होती. मी ती बोटांनी उचलत राहिले. त्यात रंग होते, गुलाबी, शेवाळी, जांभळा. कुणाकुणाच्या साड्या होऊन गेलेल्या धाग्यांचे. दादानं दोन्ही ड्राइव्हना जोडणारी चपटी पट्टी काढून दाखवली.

"एकाच पट्टीवर दोघं बसतात. एकानं मोठं व्हायचं, एकानं धाकटं. मागं एवढीशी टोपी असते, ती कुठं लावली त्यावर ठरतं. खालच्याची टोपी गळून पडलीय. दोघंही म्हणतायत मी मोठा, म्हणून मशीननं दोघांनाही सोडून दिलं."

तळाची लव चाळून आम्ही ती टोपी शोधली, सापडली नाही. तेव्हा त्यानं खालचा ड्राइव्ह पट्टीवरून सोडवला, पट्टीची टोकं माझ्या पर्समध्ये राहिलेल्या मुलाच्या खोडरबरानं घासली आणि एकटा वरचा जोडला. मशीन सुरू केलं. मी डोळे मिटून घेतले होते. "आला," दादा म्हणाला. मायमध्ये एक ड्राइव्ह दिसत होता.

पण खालच्याचा दिवा अजून लुकलुकत होता. त्याला करंट मिळत होता, बाकी कशाशीच त्याचं नातं उरलं नव्हतं, आणि तरी तो आतली डिस्क फिरवत होता. दादानं त्याची वायर उपटली. घरघर हळूहळू खाली गेली, दीर्घ श्वास सोडावा तशी. त्याच्या तोंडावर एक बारीक भोक असतं, अडकलेला ट्रे काढण्यासाठी. त्यात घालायला काही नव्हतं. मी खाली जाऊन मायच्या अंबाड्यातला एक आकडा काढून आणला. तिनं कशाला म्हणून विचारलं नाही, नुसतं डोकं पुढं केलं.

ट्रे बोटभर बाहेर आला. दादानं तो नखांनी ओढला. आत डिस्क होती. तिच्यावर कुणाचंच नाव लिहिलेलं नव्हतं.

ती वरच्या ड्राइव्हमध्ये घालायला हवी होती, पण वरचा ट्रे आत जाईना. गेला तर राहीना, पुन्हा बाहेर. दादानं तो उघडून त्यातला काळा रबरी पट्टा काढला, अंगठीएवढा. नवा आणायला दुकान उघडं असणं शक्य नव्हतं. "गरम पाण्यात टाकला की जरा आवळतो," तो म्हणाला आणि खाली स्वयंपाकघरात जाऊन चहाच्या पातेल्यात पाणी ठेवलं. माय मागे येऊन वाकून बघू लागली.

"काय रांधी राह्यना रे?"

"पट्टा."

"कोनासाठी?"

दादा थांबला. मग त्यानं पातेल्यातच बघत सांगितलं, "माय, वर एक डिस्क सापडली. कशाची ते माहीत नाही. बघायची?"

मायनं पदराला हात पुसले आणि जिन्याकडं निघाली. त्या जिन्याला तिनं मालूताई गेल्यापासून पाय लावला नव्हता. एका हातानं भिंत, दुसऱ्यानं माझा खांदा. प्रत्येक पायरीवर तिचं वजन माझ्या खांद्यात उतरत होतं. इतका वेळ तिनं मला कधी धरून ठेवलेलं मला आठवत नाही.

तिला आम्ही जुन्या फिरत्या खुर्चीवर बसवलं. दादानं पट्टा बसवला, डिस्क ठेवली, ट्रे आत गेला आणि राहिला. मशीन खूप वेळ विचार करत होतं. मग पडदा हलला.

लग्न नव्हतं. आमची गल्ली होती. माग बंद असतानाची, दिवाळीतली, कारण रस्ता रिकामा होता आणि शांताबेनच्या दारात झेंडूची माळ वाळलेली होती. आवाज जवळजवळ नव्हताच. फक्त कॅमेरा धरणाऱ्याचा श्वास, आणि चप्पल घासत चालण्याचा. ती चाल आम्हा तिघांनाही ओळखू आली. दादानं टेबलाची कड धरली.

"ती कोठे शे?" माय पुढं झुकून म्हणाली. तिला आता फार स्पष्ट दिसत नाही.

"ती दिसत नाही, माय," मी म्हटलं. "ती घेतेय. कॅमेरा तिच्याकडं आहे."

कॅमेरा आमच्या दारातून आत शिरला. उंबऱ्याची रांगोळी, पितळी हंडा, फडताळातल्या डब्यांची ओळ. प्रत्येक वस्तूपाशी तो जरा थांबत होता, पाहुणा निघताना घर डोळ्यांत भरून घेतो तसा. मग आतली खोली आली. भिंतीला टेकून एक मुलगी पाठमोरी बसली होती, दहा-अकरा वर्षांची, ओल्या केसांची. मांडीवर हातातला आरसा होता. ती स्वतःची वेणी स्वतः घालायचा प्रयत्न करत होती. मागचा भांग वाकडा जात होता, ती केस सोडत होती आणि पुन्हा धरत होती. कॅमेरा तिच्या अगदी मागे येऊन थांबला. इतका जवळ की तिच्या मानेवरचे बारीक केस दिसत होते. मुलीला काहीच कळलं नाही. आरशात तिच्या खांद्याच्या वर जिथं कॅमेरा धरणारं माणूस दिसायला हवं होतं, तिथं फक्त खिडकीचा उजेड होता.

ती मी होते. ती दुपार मला आठवत नाही.

दादानं माझा हात दाबला. तो पडद्यावरच्या भिंतीकडं बघत होता. भिंत आसमानी होती.

मालूताई असेपर्यंत आमच्या भिंती चुन्याच्या होत्या. आसमानी रंग दिला तो दादाच्या लग्नाआधी, मालूताईचं वर्ष होऊन गेल्यावर. वर्ष होईपर्यंत मायनं ब्रशला हात लावू दिला नव्हता. त्या रंगाचा वास मला आजही आठवतो, कारण घरात बऱ्याच दिवसांनी काहीतरी नवं आलं होतं. दादा पुटपुटला, "आपलंच काहीतरी चुकतंय. आधीच दिला असेल." मी मान हलवली. डिस्कवरची तारीख बघण्यात अर्थ नव्हता, ती ह्याच मशीननं घातलेली, आणि हे मशीन कुठल्या दिवसात राहतं ते आम्ही पाहिलं होतं. मायला आम्ही काही सांगितलं नाही.

कॅमेरा मुलीपासून निघाला आणि खाटेकडं गेला. खाटेवर माय झोपली होती. दुपारची, डोळ्यांवर आडवा हात घेऊन, काठापदराशिवायच्या साध्या साडीत. तिथं तो सगळ्यात जास्त वेळ राहिला. मायचं पोट खालीवर होत होतं. मग कॅमेऱ्याच्या मागून, अगदी कुजबुजत, मालूताईचा आवाज आला.

"माय, मी वर जास."

चित्र जिन्याकडं वळलं. एक पायरी, दुसरी पायरी, दाराची कडी, आणि मग सगळं पांढरं झालं. डिस्क थांबली. पंखा तेवढा चालू राहिला.

मला वाटलं माय रडेल. दादालाही तेच वाटलं असणार, तो पाण्याचा तांब्या उचलून उभा होता. ती रडली नाही. पांढऱ्या पडद्याकडं बघत तिनं विचारलं, "हाई कोन पोर व्हती? एकलीच वेनी घाली राह्यनी."

"मी होते, माय."

"तू?"

"हो."

"इतली बारीक?"

"हो."

"आनि मी कोठे व्हती?"

"तू झोपली होतीस ना. दिसलीस की. खाटेवर."

मायनं खुर्ची माझ्याकडं वळवली. त्या खुर्चीची चाकं कुरकुरली. तिनं माझ्याकडं पाहिलं. माझ्या मागे, दाराकडं नाही, माझ्याकडंच, आणि इतका वेळ की मला नजर कुठं ठेवावी ते कळेना. माझ्या चष्म्यावरून, गालावरच्या वांगावरून, कानाजवळच्या पांढऱ्या बटेवरून तिची नजर फिरली.

"इतला दिन झोपेल व्हती मी?" ती म्हणाली.

दिवाळीनंतरच्या लाभपाचमेला माग पुन्हा सुरू झाले. त्याच दिवशी दादा तिला इच्छापोरला घेऊन गेला. तिनं एकदाही नाही म्हटलं नाही. गाडीत बसताना शांताबेनला म्हणाली, "उपर कोई नथी, शांता." आता वरची लाइन तोडलेली आहे. ती डिस्क दादानं कुठं ठेवली, मी विचारलं नाही. मशीन तिथंच आहे. मी कधी घर झाडायला जाते तेव्हा वरची खोलीही झाडते, ड्राइव्हवरची लव पुसते आणि कडी लावून खाली येते. भिंतीच्या रंगाबद्दल दादा आणि मी अजून बोललेलो नाही. कुणी बोललंच तर आम्ही दोघं म्हणू की आठवणीचं काय, ती चुकते.

पण त्या दुपारी अजून संध्याकाळ व्हायची होती. मायनं पाय खुर्चीवरून खाली सोडले आणि त्यांच्यामधली जागा हातानं झटकली.

"आठे बस."

मी खाली, त्या धुळीत, तिच्याकडं पाठ करून बसले. तिनं माझ्या केसांचा क्लिप काढला. तिच्या बोटांची टोकं खरखरीत होती, ती मागून माझा भांग चाचपत होती. कंगवा नव्हता. केस पूर्वीसारखे दाट नाहीत, मी म्हणणार होते, म्हटलं नाही. तिनं तीन पेड वेगळे केले. एकीकडं जास्त गेले म्हणून सोडले, पुन्हा केले.

दादा दाराजवळ बोर्डापाशी गेला.

"माय, बंद करू का आता हे?"

"थांब जरा," माय म्हणाली. "वेनी व्हऊ दे."

दादा स्विचवर बोट ठेवून उभा राहिला. मशीनचा पंखा फिरत होता, पांढऱ्या पडद्याचा उजेड माझ्या मांडीवर पडला होता. माय घाई करत नव्हती.